पत्र्यावरचा पहिला हात

धान्यगोदामाच्या फाटकावर नोटीस लागली, ती धाकट्याने तिथे उभ्याने तीनदा वाचली आणि घरी येऊन चौथ्यांदा तोंडपाठ म्हणून दाखवली. हंगामाच्या वाहतुकीसाठी बावीस ट्रॅक्टर घेणार. ज्याच्या रंगाचे पोपडे सुटतात असा एकही ट्रॅक्टर आवारात येऊ देणार नाहीत. तपासणी दहाव्या दिवशी सकाळी.

"पोपडे कुणाचे सुटतात, ते लिहिलंय का?" आबांनी विचारलं.

"नाव नाही लिहिलं."

"मेहेरबानी म्हणायची."

गेल्या हंगामात भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, धाकट्याची ट्रॉली गोदामाच्या अंगणात रिकामी करायला लावली होती. धान्याच्या राशीत लाल पोपडे सापडले होते. चाळणीवरच्या बायकांनी ते वेचून एका कागदावर ठेवले आणि मुकादमाने त्यातला एक उचलून ट्रॅक्टरच्या बॉनेटला लावून पाहिला. तुटलेल्या कपाचा तुकडा कपाला बसावा तसा तो नेमका बसला. सगळे हसले. त्या दिवसापासून ट्रॅक्टर दारात उभा होता. शेतकामाला जायचा, पण गोदामाचं काम गेलं ते गेलंच. आणि तो रंग धाकट्याने स्वतः दोन दिवसांत ब्रशने ओढला होता, म्हणून चौकातली माणसं त्याला अजून 'झटपट' म्हणत.

"या खेपेला ताई रंगवेल," धाकटा म्हणाला.

थोरली चुलीपाशी भावजयीबरोबर बसली होती. तिने मान वर केली. शहरात बसगाड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं ती रंगकामाला होती. कारखाना दूर कुठेतरी हलला आणि ती दोन महिन्यांपूर्वी एक पेटी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली स्प्रे गन घेऊन घरी परतली. चौकातल्या दोन्ही गॅरेजांत ती विचारून आली होती. एकजण 'बघू' म्हणाला. दुसऱ्याने तिच्याकडे न बघताच, "बाईमाणसाला हे जड जातं," असं सांगितलं. स्प्रे गन चादरीतच राहिली होती.

"नऊ दिवस आहेत," थोरली म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता. "नऊ दिवसांत होतो. पण मी सांगेन तसं. धुवायचा, खरवडायचा, घासायचा, रंग पत्र्याला धरावा म्हणून अंगभर प्रायमर, मग रंगाचे दोन हात."

"प्रायमर कशाला आणखी?" धाकटा म्हणाला. "एक दिवस मारण्यात जाणार, एक वाळण्यात. वरून तो दिसत पण नाही."

"तुझा रंग वरून छान दिसत होता. तोच धान्यात पडला."

भावजय हसू दाबायला चुलीकडे वळली.

आबांनी घसा खाकरला. एकतीस वर्षांपूर्वी हा ट्रॅक्टर नवाकोरा त्यांनीच चालवत आणला होता आणि त्याच्या अंगाला हात लावायचा तर आपल्याला विचारूनच, असा त्यांचा हिशेब होता. "प्रायमर लावा. पण जिथे पत्रा उघडा पडलाय तिथेच. बाकी आत कंपनीचा रंग आहे. तो अजून जिवंत आहे. त्याला नुसतं घासा आणि वर रंग मारा."

"अर्धवट प्रायमर नसतो, आबा. लावायचा तर अंगभर."

"बसची गोष्ट वेगळी. बसमध्ये माणसं बसतात, हा राबतो."

"पत्रा तो पत्राच."

"बरं," आबा म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ 'बघूच' असा असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला सुरुवात झाली. बॉनेट सोडवलं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंची झाकणं काढली, दिवे काढले, मडगार्डचे बोल्ट सोडवले. तीन बोल्ट गंजून बसले होते. धाकट्याने पान्यावर उभं राहून अंगाचा भार टाकला तेव्हा एक सुटला, दुसरा तुटला आणि तिसऱ्याने त्याच्या बोटांची सालपटं काढली. भावजयीने बादल्यांवर बादल्या पाणी उपसलं. थोरलीने साबण आणि तारेचा ब्रश घेतला. वर्षानुवर्षांची माती, ग्रीस आणि भुसा यांचा काळा राप निघू लागला. कोपरापर्यंत तिचे हात काळे झाले.

"वन्सं, हा एवढा मळ अंगावर घेऊन हा चालत कसा होता?" भावजय म्हणाली.

"मळाच्या आधारानेच चालत होता. आता धुतला की पडेल," धाकटा म्हणाला, आणि तिघंही हसली. काम सुरू झालं की माणसाला बरं वाटतं, तसं सगळ्यांना वाटत होतं.

पण धुऊन झाल्यावर जे दिसलं त्याने हसू आटोपलं. मडगार्डच्या खालच्या कडा गंजून बिस्किटासारख्या झाल्या होत्या. बॉनेटच्या पुढच्या नाकाडावर पत्रा हाताच्या पंज्याएवढा उघडा पडला होता. बाकी सगळीकडे धाकट्याचा गेल्या सालचा रंग, कुठे फुगलेला, कुठे नखाने निघणारा.

दोन दिवस खरवडणं आणि घासणं चाललं. थोरलीने धाकट्याला पॉलिश पेपर कसा धरायचा ते दाखवलं. बोटांनी नाही, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, आणि हात एका रेषेत. तो सुरुवातीला घाई करायचा, दोन हात मारले की पुढे सरकायचा. थोरली मागून यायची, डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायची आणि बोट ठेवायची. "इथे राहिलंय." पुन्हा. "इथे." दुपारपर्यंत तिने अकरा वेळा बोट ठेवलं. अकराव्या वेळी धाकट्याने ठोकळा जमिनीवर आपटला.

"डोळे उघडून बघ की. दिसतंय का काही?"

"दिसत नाही. लागतं. तू बघ डोळे मिटून."

त्याने चिडूनच डोळे मिटले आणि तळवा फिरवला. मध्येच हात थांबला. त्याने डोळे उघडले, त्या जागेकडे पाहिलं, ठोकळा उचलला आणि घासायला लागला. संध्याकाळी जेवताना त्याला पेला दोन्ही हातांनी धरावा लागला.

चौथ्या दिवशी चौकातल्या पंक्चरवाल्याकडून हवेचा कॉम्प्रेसर आणला. त्याच्याकडे दोन होते. एक त्याने तपासणीपर्यंत दिला, आणि कोण काय करतंय ते बघायला स्वतःही मागोमाग आला. वाऱ्याने धूळ उडू नये म्हणून भावजयीने अंगणभर पाणी मारलं. झाडाखाली जुन्या साड्यांचा आडोसा केला. थोरलीने चादर सोडून स्प्रे गन काढली, नळी जोडली, नाकाला फडकं बांधलं आणि हवेतच एक फवारा मारून पाहिला. दोन महिन्यांनी गन हातात आली होती. तिचा खांदा आपोआप खाली आला, मनगट सैल झालं. करड्या प्रायमरचा पट्टा बॉनेटवर एका सरळ रेषेत उमटला, त्याच्या कडेवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. कुठे ओघळ नाही, कुठे कोरडं नाही. पंक्चरवाला हाताची घडी घालून बघत होता, त्याने ती सोडली.

"अरे वा," तो म्हणाला. "ही तर लोणी लावल्यासारखी चालते."

धाकट्याला एकदम अभिमान वाटला. जणू गन त्याच्याच हातात होती.

तासाभराने भावजय चहा घेऊन आली आणि बॉनेटपाशी थांबली. "वन्सं, हे असंच असतं का?"

नव्हतं. बॉनेटच्या मधोमध प्रायमर आक्रसत होता. आंघोळीच्या पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारख्या सुरकुत्या पडत होत्या, आणि बघता बघता त्या कडेपर्यंत पसरत गेल्या. थोरलीने बोट टेकवलं तर करडा आणि लाल असा एकत्र साका बोटाला आला.

ती खाली बसली. प्रायमर पातळ करायच्या थिनरने धाकट्याचा जुना स्वस्त रंग विरघळून उचलला होता. कारखान्यात बसगाड्या थेट पत्र्यापर्यंत खरवडून तिच्या हाती यायच्या. खालचा रंग कसला आहे ते तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं. आता विचारायला हवं होतं, आणि ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंक्चरवाला समोर होता. उद्या चौकभर होणार होतं.

"माझ्याच रंगाने घात केला," धाकटा म्हणाला.

"रंग तुझा, पण चूक माझी. कोपऱ्यात एक बोटभर मारून आधी बघायला हवं होतं." तिने नाकावरचं फडकं ओढून काढलं. "सगळं उतरवायचं. आत्ताच, ओलं आहे तोवर."

मग जे चाललं त्याला काम म्हणावं की धुमश्चक्री, असा प्रश्न पडला असता. चौघंही भिडले. पंक्चरवालासुद्धा. तो जायला उठला होता, पण भावजयीने त्याच्या हातात खरवडणी दिली आणि तिला नाही म्हणणं त्याला सुचलं नाही. थिनरच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मऊ पडलेला रंग सायीसारखा गुंडाळून येत होता. आबा बाजेवरून उठून काठी टेकत आले आणि बॉनेटवर वाकले.

"थांबा," ते म्हणाले. "हे बघा."

लाल साक्याखाली गडद, घट्ट, जरा काळपट असा दुसरा लाल रंग होता. थिनर त्यावर नुसता ओला होऊन उभा होता. रंगाला काही झालं नव्हतं. थोरलीने खरवडणीचं टोक दाबून ओढलं. बारीक रेघ उठली, पण पापुद्रा सुटला नाही. तिने आणखी जोर लावला. नाही.

"कंपनीचा," आबा म्हणाले. जुना सोबती अचानक दारात यावा तसा आनंद त्यांच्या आवाजात होता. "मी सांगितलं होतं, जिवंत आहे."

थोरली बराच वेळ त्या रंगावर तळवा फिरवत राहिली. "भट्टीत भाजलेला दिसतो. हा नाही काढायचा. पण घासून वर प्रायमर मी मारणारच."

"मार," आबा म्हणाले. "माझं म्हणणं मी मांडलं."

धाकट्याचा रंग पूर्ण उतरवायला आणखी दीड दिवस गेला. मग मात्र ट्रॅक्टर खरा दिसायला लागला. कुठे चांदीसारखा उघडा पत्रा, कुठे जुना गडद लाल, आणि कुठे दोन्हींच्या मध्ये उतरती कड. ती कड हाताला लागता कामा नये, असं थोरलीने सांगितलं होतं. धाकट्याला आता बोलवावं लागत नव्हतं. पहाटे ती उठायच्या आधीच तो झाडाखाली बसून घासत असायचा. आधी जाडा पेपर, मग मधला, मग पाण्याचा. इंजिनाच्या बाजूची झाकणं तर त्याने एकट्याने केली. दोन दिवस तो त्यांना भिडला होता. डोळे मिटून, मान तिरकी करून तळवा फिरवताना बायकोने त्याला पाहिलं आणि ती थोरलीला म्हणाली, "माझ्या डोक्याला बाम सुद्धा इतक्या प्रेमाने लावला नाही यांनी कधी."

सातव्या दिवशी प्रायमरचा दुसरा प्रयोग झाला. थोरलीने आधी मडगार्डच्या कोपऱ्यात एक ठिपका मारला आणि सगळ्यांना त्याच्याभोवती बसवून ठेवलं. अर्धा तास गेला. ठिपका जसा होता तसाच राहिला, गुळगुळीत आणि करडा. मग तिने मडगार्ड, बॉनेट आणि पुढचं नाकाड एका दमात मारून काढलं. झाकणं तेवढी राहिली. पण पहिल्या खेपेच्या नासाडीमुळे प्रायमर तळाला गेला होता आणि रंग घट्ट बसावा म्हणून त्यात मिसळायचा हार्डनरही संपत आला होता. हार्डनर शहरातच मिळायचा.

"दोन झाकणांपुरता प्रायमर आहे," ती धाकट्याला म्हणाली. "झाकणं तू मार. आधी प्रायमर, मग तासाभराने रंगाचा पातळ हात. त्याला पुरेल एवढा हार्डनर ठेवलाय. मी बसने जाऊन बाकीचा घेऊन येते."

"मी? गनने?"

"नाहीतर काय तोंडाने फुंकून? वीतभर अंतर ठेव. हात थांबवू नकोस, ओघळेल."

ती गेली. धाकट्याने गन हातात घेतली. डावं झाकण झालं. पहिला पट्टा वाकडा गेला, दुसरा बरा, तिसऱ्यानंतर हाताला चाल सापडली. आपल्याला हे येतंय या आनंदात तो उजव्या झाकणाकडे वळला, नळी पायात अडकली आणि डबा लवंडला. उरलेला प्रायमर ओल्या मातीत गेला. त्याने दोन्ही हातांनी माती सारून पाहिली. हातात नुसता करडा चिखल आला.

समोर झाकण होतं. जुना गडद लाल रंग, कुठे खोट नाही, एक बोटभरही उघडा पत्रा नाही, आणि त्याने स्वतः घासून आरशासारखं सपाट केलेलं. घरात शिल्लक प्रायमर नव्हता. उद्या पुन्हा शहर म्हणजे आणखी एक दिवस, आणि दिवसच उरले नव्हते. त्याने बाजेकडे पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याने झाकण कोरड्या फडक्याने पुसलं, थिनरने पुसलं, पुन्हा कोरड्याने पुसलं आणि थेट रंग मारला.

थोरली परतली तेव्हा दोन्ही झाकणं दोरीला टांगलेली होती, लालभडक. ती धावतच गेली आणि उजेडात तिरकी मान करून बघत राहिली.

"अरे, हे तू मारलंस?"

"हो."

"ओघळ नाही एक पण. प्रायमर पुरला?"

"पुरला."

तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला पुढचे दोन दिवस पाठीवर जाणवत राहिली.

आठव्या दिवशी उरलेल्या अंगाला रंगाचे दोन हात झाले, झाकणांना दुसरा. वारा पडला होता, सांगून ठेवल्यासारखा. थोरली ट्रॅक्टरभोवती फिरत होती, वाकत होती, उठत होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि तिच्या मागून मागून रंग ओला चमकत येत होता. भावजय माशा हाकायला फांदी घेऊन उभी होती. पंक्चरवाला आज दोन माणसांना घेऊन आला होता. नवव्या दिवशी सगळे भाग जोडले. दहाव्या दिवशी सकाळी धाकट्याने चावी फिरवली. आबा एका मडगार्डवर, थोरली दुसऱ्यावर, आणि भावजय सायकलवरून पुढे निघाली, जागा धरायला.

गोदामाच्या मैदानात चाळीसेक ट्रॅक्टर उभे होते. तपासनीस बाई ठेंगणी होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिच्याकडे एक पातं, एक स्टीलची पट्टी आणि चिकटपट्टीचं बंडल होतं, बाकी काही नाही. ती स्वतः जागा निवडायची, पात्याने उभ्या सहा आणि आडव्या सहा रेघा पार पत्र्यापर्यंत ओढायची, त्याने पंचवीस चौकोन पडायचे. त्यावर चिकटपट्टी अंगठ्याने घट्ट दाबून एका हिसक्यात ओढायची. दोनापेक्षा जास्त चौकोन निघाले की ट्रॅक्टर बाद.

त्यांच्या आधी एक निळा ट्रॅक्टर होता. नवरीसारखा सजलेला. मालक सगळ्यांना सांगत होता, "प्रायमरचे तीन हात दिलेत, तीन." बाईने चिकटपट्टी ओढली. निळा रंग आणि त्याखालचा करडा प्रायमर एकजीव होऊन तिच्या पट्टीला चिकटून आले. खाली नुसता तेलकट, चकचकीत पत्रा. पंचवीसच्या पंचवीस.

"धुतला नव्हता," बाई म्हणाली. "सात दिवसांनी फेरतपासणी. पुढचा."

मालक ट्रॅक्टरकडे बघत उभा राहिला, त्याला बाजूला घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

बाईने बॉनेट निवडलं. हिसका. एकही नाही. भावजयीने थोरलीचा दंड धरला. बाई खाली वाकली आणि मडगार्डची कड निवडली, गंजून बिस्किट झालेली होती तीच. हिसका. एका कोपऱ्याचा अर्धा चौकोन.

"इथे गंज होता ना?" बाईने विचारलं.

"पत्र्यापर्यंत काढला," थोरली म्हणाली. "मग प्रायमर."

बाईने मान हलवली आणि ती उजव्या बाजूला गेली. झाकणावर स्टीलची पट्टी टेकवली.

"बाई," धाकटा म्हणाला, "तिथे प्रायमर नाही."

बाईचा हात थांबला. थोरली गर्रकन वळली.

"मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाली.

"तरी सांगतो. डबा माझ्या पायाने सांडला. मी नुसता रंग मारला आणि घरी खोटं सांगितलं. हिला ठाऊक नाही. बाकी सगळं काम हिचं आहे. हे झाकण तेवढं हिचं म्हणून धरू नका."

आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली. मागून कुणीतरी 'झटपट' म्हणालं. धाकट्याचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. थोरली त्याच्याकडे बघत होती.

बाईने चष्मा सारखा केला आणि पातं चालवलं. सहा उभ्या, सहा आडव्या. चिकटपट्टी लावली, अंगठा दोनदा फिरवला, हिसका दिला आणि पट्टी उजेडात धरली. ती स्वच्छ होती.

बाईने वीतभर खाली दुसरी जागा घेतली. आता जरा जोरात हिसकली. पुन्हा स्वच्छ.

"घासलं कुणी?" तिने विचारलं.

"मी."

"किती वेळ?"

"दोन दिवस. आधी खरवडलं, मग जाडा, मधला, मग पाण्याचा. डोळे मिटून तपासलं."

"डोळे मिटून?"

"दिसत नाही ते. लागतं."

बाईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा थोरलीकडे पाहिलं. मग खडूने पुढच्या चाकावर मोठा आकडा घातला. सतरा. सतरावा ट्रॅक्टर. घेतला.

भावजयीने तोंडावर पदर घेतला आणि पदराआड ती हसतेय की रडतेय ते कळेना. आबा मडगार्डवरून उतरायला गेले आणि घाईत काठी आधी खाली पडली. थोरलीने धाकट्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"खोटं का बोललास?"

"तू पुन्हा सगळं खरवडलं असतंस."

"खरवडलंच असतं."

"म्हणून."

"मी तुझ्याशी पाच दिवस बोलणार नाही," ती म्हणाली, आणि श्वास न घेता पुढे म्हणाली, "दोन दिवस घासलंस ते मी बघत होते. तेव्हाच मला वाटलं होतं, याला हात आहे. आणि तू सगळ्यांसमोर, वेड्या, न विचारता..."

"मला माहीत होतं," आबा म्हणाले. "मी जागाच होतो तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

थोरली त्यांच्याकडे बघून हसलीच. "तुमचं खरं ठरलं, आबा. चांगल्या रंगाला प्रायमर नको."

"अर्धं ठरलं. खालच्या कडेला तुझा प्रायमर नसता तर आपण आत्ता घरी चाललो असतो." आबांनी नव्या रंगावरून हात फिरवला. "अर्धं तुझं."

मुकादमाने सतरा नंबरला काट्यावर बोलावलं. धाकटा उडी मारून बसला आणि ट्रॅक्टर गर्दीतून निघाला. उन्हात त्याचा लाल रंग इतका झळाळत होता की माणसं वाट देताना त्याच्याकडेच बघत होती.

थोरली मागे राहिली, कारण निळ्या ट्रॅक्टरचा मालक तिच्यासमोर उभा होता. त्याच्या मागे आणखी दोघं होते. चौकातल्या गॅरेजचा, बाईमाणसाला जड जातं म्हणणारा, तोही थोडा लांब उभा होता.

"ताई," निळ्याचा मालक म्हणाला, "सात दिवसांत होईल का आमचा? तीन हात प्रायमर वाया गेला हो. आता किती हात द्यायचे, चार?"

थोरली त्याच्या ट्रॅक्टरपाशी गेली, बॉनेटच्या सोललेल्या जागी वाकली, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. अंगठा बोटांवर चोळून पाहिला. तेल.

"आधी साबण आणि चार बादल्या पाणी आणा," ती पदर खोचत म्हणाली. "प्रायमरचं मग बघू."